काड, पाचट आणि आगकाडी

हार्पेंडेन, हर्टफर्डशायर

पंजाबातील भाताची धसकटे पेटून दिल्लीचे आकाश कोंदले की, आपल्याकडील सुशिक्षित गृहस्थ इंग्लंडचा दाखला देऊन आपल्या रयतेच्या अडाणीपणाविषयी बोलू लागतात, हे मला इकडे आल्यापासून अधिकच खटकते. कारण हाच इंग्रज शेतकरी १९९२ च्या सुगीपर्यंत आपल्या शिवारातील गव्हाचे काड राजरोस पेटवीत होता. केंब्रिजशायरमधील एका वृद्ध शेतकऱ्याने मला सांगितले की, ऑगस्टात कापणी उरकली म्हणजे क्षितिजभर धूर उठे, हमरस्त्यावरच्या मोटारी भरदिवसा दिवे लावून चालत, आणि दोरीवरचे धुणे काजळले म्हणून गावच्या बायका त्याच्या वडिलांच्या दाराशी भांडायला येत. १९९३ साली इंग्लंड-वेल्समध्ये कायद्याने मनाई झाली, तेव्हा आता शेती बुडणार असेच त्या वडिलांनी धरले होते.

शेती बुडाली नाही, याचे श्रेय एकट्या दंडाच्या धाकाला देता येत नाही. कापणीयंत्राच्या मागेच काडाचे तुकडे करून पसरणारी सोय होती, नांगर होता, गोठ्यात अंथरण्यासाठी काड लागतच होते. पुढे २००० साली ईलीजवळ काडावर चालणारे ३८ मेगावॉटचे वीजकेंद्र उभे राहिले आणि गाठोडी बांधून विकण्यास गिऱ्हाईक मिळाले. आगीत तणाचे बीही जळत असे, ते आता जळत नाही, आणि ब्लॅकग्रास नावाच्या तणाने आपल्याला छळले आहे, हेही म्हातारा मोकळेपणाने सांगतो.

मला मात्र त्याचे बोलणे ऐकताना सांगली-कोल्हापूरकडील उसाचे फड आठवत होते. तोडणीची टोळी बांधावरून उतरते न उतरते तोच पाचटाला काडी लागते. पाचट राहिले तर पाणी सरीतून सरकत नाही, बगला फोडता येत नाहीत, उंदीर माजतात, या तक्रारी खोट्या नाहीत. परंतु बुडखे जमिनीलगत छाटून, पाचटाची कुट्टी सरीत दाबून, तीवर थोडा युरिया, सुपर फॉस्फेट आणि जिवाणूखत टाकून खोडवा घेणारे शेतकरी त्याच तालुक्यांत आहेत. एकरी तीन-चार टन सेंद्रिय द्रव्य, त्यातील जवळजवळ सगळ्या नत्रासह, घटकाभरात धुराच्या स्वाधीन करावयाचे आणि नंतर खताच्या पोत्यासाठी सोसायटीच्या दाराशी रांग लावावयाची, हा व्यवहार माझ्याने पाहवत नाही.

येथील रोथॅमस्टेड कृषी संशोधन केंद्राच्या ब्रॉडबाल्क शेतात १८४३ पासून गहू पेरला जात आहे, आणि ज्या तुकड्यास वर्षानुवर्षे शेणखत मिळाले, तेथील मातीत सेंद्रिय कर्ब बिनखताच्या तुकड्याच्या दुपटीहून अधिक आहे. पण हे ज्ञान आपणांस येथूनच आणावे लागते असेही नाही. इंदुरास आल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड या कृषिशास्त्रज्ञांनी पऱ्हाट्या गाडीवाटेवर पसरून चाकांखाली चिरडून घेतल्या, शेण, मूत्रमाती आणि राख यांसह त्या कुजविल्या, आणि तो सारा प्रयोग १९३१ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. इंग्लंडातील सेंद्रिय शेतीच्या चळवळीने हॉवर्डना गुरुस्थानी मानले. आपल्याकडे वाडांचे नाव तरी किती जणांस ठाऊक आहे?

साखर कारखान्यांच्या संचालकांना माझी विनंती आहे की, येत्या गाळप हंगामात तोडणीच्या टोळीपाठोपाठ कुट्टीयंत्रही फडात पाठवावे आणि त्याचे भाडे उसाच्या बिलातून हप्त्याने वळते करावे.