गूळ आधी की भात आधी?

पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. बंदी उठते आणि मागोमाग नारळी पौर्णिमा येते. अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या कोळीवाड्यांत दर्याला नारळ वाहिला जातो, घरोघरी नारळी भात होतो. या भाताचा एक नियम सगळ्या घरांत सारखा आहे: तांदूळ पुरता शिजल्याखेरीज गूळ पातेल्यात पडत नाही. घाई करून आधी घातलाच, तर तांदूळ तिथेच आळतो. मग वरून पाणी शिंपडा, तासभर मंद आचेवर ठेवा, दाताखाली कणी लागायची ती लागतेच.

यामागचे कारण तांदळाच्या स्टार्चमध्ये आहे. तांदळाच्या दाण्याचा सुमारे चार पंचमांश भाग स्टार्चचा असतो आणि तो काही मायक्रॉन आकाराच्या, घट्ट बांधलेल्या कणांच्या रूपात भरलेला असतो. थंड पाण्यात हे कण जेमतेम भिजतात. पाणी साधारण 60 ते 75 अंश सेल्सियसच्या दरम्यान तापले, की कणांतली बांधणी सुटते, पाणी आत शिरते, कण फुगतात आणि दाणा मऊ होतो. आपण ज्याला शिजणे म्हणतो ते हेच.

गूळ किंवा साखर या कामात दोन अडथळे आणते. साखरेचे रेणू पाण्याला धरून ठेवतात, त्यामुळे स्टार्चच्या वाट्याला मोकळे पाणी कमी येते आणि कण फुगण्याचे तापमान वर सरकते. निम्मी साखर, निम्मे पाणी असा पाक असेल तर ते दहा अंशांहून जास्त चढते. दुसरे म्हणजे बाहेर दाट पाक असला की पाणी दाण्यात शिरण्याऐवजी दाण्यातून बाहेर ओढले जाते. मुरवलेल्या कैरीला पाणी सुटते तोच हा प्रकार. शिजलेल्या भातात गूळ घातला तरी थोडे असेच होते: भात आधी सैल पडतो, मग आळत जातो आणि शिते सुटी होतात. नारळी भाताला ते हवेच असते. म्हणून मोकळा, पण आतून पूर्ण मऊ असा भात आधी करून घ्यायचा. शिते बोटांनी दाबून पाहणाऱ्या बायका नेमकी हीच परीक्षा घेत असतात.

या नियमाला बगल देणारा एक पदार्थ याच किनाऱ्यावर आहे, बेने इस्रायली ज्यूंचा मलिदा. आपले पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटून लागले, अशी या समाजाची परंपरा सांगते. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून गावोगावी त्यांना शनिवार तेली म्हणत. प्रेषित एलियाहूच्या नावाने ते मलिदा करतात. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, गूळ किंवा साखर, वेलची आणि सोबत फळे. यात गोड कधी घालायचे याची चिंताच नाही, कारण भात भिजवून, भाजून, कुटून पोहे करतानाच त्यातला स्टार्च शिजून गेलेला असतो. पाण्याने नुसते ओले केले की पुरते. माझ्या मते गोड भाताच्या घराण्यातला हा सगळ्यात हुशार पदार्थ.

या समाजाच्या स्वयंपाकात नारळाच्या दुधाला मोठे स्थान आहे, कारण ज्यू आहारनियमांत मांसाबरोबर गाईम्हशीचे दूध चालत नाही. पण गुळाशीही नारळाच्याच दुधाचे चांगले जमते. तापलेल्या दुधात गूळ टाकला की खीर नासते, हा अनुभव सगळ्यांचा. गूळ किंचित आम्लधर्मी असतो, त्यात क्षारही असतात. तापलेल्या दुधातले केसीन हे प्रथिन एवढ्यानेही गोळा होते. नारळाच्या दुधात केसीन नसतेच. त्याची अडचण वेगळी: त्यातल्या तेलाच्या थेंबांना वेगवेगळे धरून ठेवणारी प्रथिने 80 अंशांच्या आसपास घट्ट होऊ लागतात आणि खळखळून उकळले की दूध फाटून तेल वर येते. म्हणून पातळ, दुसऱ्या-तिसऱ्या पिळणीचे दूध शिजवायला वापरायचे आणि पहिले दाट दूध शेवटी, मंद आचेवर.

गौरीच्या दिवशी कोकणात घावनांबरोबर घाटले होते, तेही याच दुधाचे. घाटल्यात तांदळाचे पीठ आधी गार पाण्यात कालवावे लागते. कोरडे पीठ उकळत्या रसात टाकले तर गोळीचा बाहेरचा थर क्षणात शिजून चिकट होतो आणि आत पाणी जाऊच देत नाही. गुठळी झाली ती झाली.

बंगालचा पायेश या सगळ्यांचा चुलतभाऊ. तो गोबिंदभोग या बुटक्या, सुवासिक तांदळाचा करतात. थंडीत त्यात खजुरीच्या ताज्या रसाचा नोलेन गूळ पडतो, तोही पातेले चुलीवरून उतरवून, जरा निवल्यावर. कारण वर आलेच आहे. मुरूडच्या आजीला आणि बर्दवानच्या ठाकुमाला एकमेकींचे नावही ठाऊक नसेल, नियम मात्र दोघींचा एकच.

सुवासिक तांदळाच्या वासामागचा मुख्य रेणू 1982 मध्ये रॉन बटरी आणि सहकाऱ्यांनी ओळखला. त्याचे नाव 2-असेटिल-1-पायरोलीन. पाण्यात तो अब्जात एक दशांश भाग इतका असला तरी नाकाला कळतो. बासमतीत आणि इतर बहुतेक सुवासिक जातींत तो साठतो, कारण त्यांच्यातले एक जनुक निकामी झालेले असते. म्हणजे हा सुगंध खरे तर एका बिघाडाची देणगी. वाड्यांमध्ये लावलेल्या अन्नपूर्णेच्या पानातही हाच रेणू असतो, म्हणून साध्या भातात ते पान टाकले की आंबेमोहोराचा भास होतो.

राहिला प्रश्न तांदूळ कोणता घ्यायचा याचा. स्टार्चमध्ये अमायलोज जास्त असेल तर भात मोकळा होतो, निवल्यावर कडक पडतो. कमी असेल तर मऊ आणि चिकट. नवा तांदूळ पाण्यात जास्त विरघळतो, जुना सुटा शिजतो. म्हणून नारळी भाताला वर्षभर जुना तांदूळ घ्या; खिरीला आणि पायेशाला नवा आंबेमोहोर. खिरीत बासमती घालणे मला पटत नाही: लांब, सुटे राहणारे शीत दुधाला दाटपणा देत नाही, मग तो आणायला खवा ओतावा लागतो.

उरलेला नारळी भात फ्रिजमध्ये ठेवला तर दगड होतो, कारण शिजून सुटलेला स्टार्च शून्य ते चार अंशांच्या आसपास सगळ्यांत वेगाने पुन्हा बांधला जातो. ही बांधणी 60 अंशांच्या आसपास सुटते, म्हणून चमचाभर पाणी शिंपडून चांगली वाफ दिली की भात पूर्ववत होतो. मात्र श्रावणाच्या दमट हवेत तो रात्रभर ओट्यावर ठेवू नका. शिजवूनही न मरणारे बॅसिलस सिरियस जिवाणूचे बीजाणू भातात असतात आणि ओल्या खोबऱ्याबरोबर तो साध्या भाताहूनही लवकर आंबतो.