सात किलोंत दहा हजार वातावरणं

रत्नागिरीजवळच्या मिरजोळ्यात अंगणात चटई टाकून बसा. तिच्या दर चौरस मीटरवर हवा सुमारे १० टनांनी रेलून असते. आपल्याला पत्ताही नसतो. हा झाला एक वातावरण दाब.

आता तो १०,००० पट करू. समुद्रात शोधायला गेलात तर सुमारे १०० किलोमीटर खोल जावं लागेल, म्हणजे रत्नागिरी ते कोल्हापूर सरळ रेषेत जेवढं अंतर तेवढं. एवढा खोल समुद्र पृथ्वीवर नाही. मारियाना गर्ताही ११ किलोमीटरच्या आतच संपते. प्रयोगशाळेत मात्र दोन हिरे समोरासमोर धरतात. हिऱ्याचं सपाट टोक ०.३ मिलिमीटर रुंद असेल, तर हिशेबाने त्यावर ७ किलो भार पुरतो. ७ किलो म्हणजे अडीच डझन हापूस! मुंबईत तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही अशा हिऱ्यांमध्ये पदार्थ दाबून तपासतात.

त्या चिमटीत सेंद्रिय अर्धवाहक (सेमीकंडक्टर) ठेवला तर? (हे ‘सेंद्रिय’ शेणखतातलं नव्हे, कार्बनी रेणूंचं.) डांबरगोळीतल्या नॅप्थॅलिनला कार्बनच्या दोन कड्या, अँथ्रासीनला तीन, पेंटासीनला पाच. यातले शेवटचे दोन अर्धवाहक. नेहमीच्या अर्धवाहकात, सिलिकॉनमध्ये, अणू एकमेकांना घट्ट बांधलेले, म्हणून १०,००० वातावरणांत त्याचं आकारमान जेमतेम एक टक्का घटतं. सेंद्रिय अर्धवाहकात रेणू नुसते शेजारी शेजारी टेकलेले. ते सिलिकॉनच्या कितीतरी पट जास्त दबतात. रेणू जवळ आले की त्यांचे इलेक्ट्रॉन-ढग एकमेकांत शिरतात आणि वीज वाहण्याआड येणारी ऊर्जेची दरी अरुंद होते.

खरी गंमत पुढे आहे. नेहमीच्या तापमानाला ही दरी ०.१ इलेक्ट्रॉन-व्होल्टने घटली, तर मोकळे वीजवाहक सुमारे ७ पट होतात. १ इलेक्ट्रॉन-व्होल्टने घटली तर १० × ७ = ७० पट नव्हे, सुमारे २५ कोटी पट! अर्थात दाब वाढवतच नेला तर रेणू एकमेकांना कायमचे जोडले जातात आणि मूळ पदार्थच उरत नाही.

१९८०मध्ये फ्रान्सचे डेनिस जेरोम आणि डेन्मार्कचे क्लाउस बेखगार्ड यांनी जाहीर केलेला सेंद्रिय क्षार तर साध्या दाबाला १२ केल्विनच्या खाली वीज अडवतो. त्यालाच सुमारे १२,००० वातावरणं दाब दिला, आणि ०.९ केल्विनला त्याचा विद्युतरोध शून्य झाला. जगातला तो पहिला सेंद्रिय अतिवाहक.