सुट्टे द्या हो, यंत्रमामा!

दोस्तांनो, भाईंदर स्टेशनबाहेर रिक्षातून उतरताना किंवा मीरा रोडच्या एखाद्या दुकानात वही घेताना दोन शब्द तुमच्या कानावर नक्की पडले असतील : ‘सुट्टे द्या!’ आपल्याकडे सुट्टे नसले, तर दुकानदाराच्या कपाळाला आठ्या. आणि त्याच्याकडे नसले, तर आपल्या हातावर रुपयाऐवजी एक चॉकलेट! चॉकलेट कुणाला आवडत नाही? पण दुसऱ्या दिवशी तीच दोन चॉकलेटं देऊन खोडरबर मागून पाहा बरं. मिळेल का?

दुकानात निदान माणूस तरी असतो. त्याच्याशी हुज्जत घालता येते, ‘काका, उद्या देतो’ असं म्हणता येतं. समोर माणूसच नसेल, नुसतं यंत्र असेल तर?

परदेशात ‘आपली गाडी आपणच धुवा’ अशा प्रकारचे कार वॉश पुष्कळ ठिकाणी असतात. तिथे धुणारा कामगार नसतो. यंत्रात नाणी टाकायची, की ठरलेली मिनिटं जोराच्या पाण्याची नळी सुरू होते. वेळ संपली, की पाणी बंद! पण खिशात नाणी नसून नोट असेल तर? म्हणून शेजारी दुसरं यंत्र उभं असतं. नोट आत, नाणी बाहेर. हे झालं सुट्टे देणारं यंत्र.

आता समजा, तुमच्या मावशीने काशीमिऱ्याच्या नाक्याजवळ, हायवेलगत असा कार वॉश काढायचं ठरवलं. मीरा-भाईंदरला पाणी लांबून, उल्हास नदीवरच्या योजनांमधून आणावं लागतं. तेव्हा मिनिटं मोजून पाणी देणारं यंत्र तिला पसंत पडलं. राहिलं सुट्ट्यांचं यंत्र. मावशी म्हणाली, ‘कोणतं घ्यायचं ते तुम्हीच निवडा.’ चला तर मग! दुकानदाराला आपण चार प्रश्न विचारू.

पहिला प्रश्न : तुमच्या यंत्राला नाणी ओळखता येतात का?

नाण्यावर चालणारं यंत्र ही काही कालची कल्पना नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरात हेरॉन नावाचा हुशार गणिती होता. देवळातलं पवित्र पाणी देणाऱ्या यंत्राचं वर्णन त्याने लिहून ठेवलं आहे. वरच्या फटीतून नाणं टाकलं, की ते आतल्या दांडीच्या टोकाला असलेल्या बशीवर पडे. वजनाने दांडी कलंडे, झडप उघडे आणि पाणी वाहू लागे. नाणं घसरून खाली पडलं, की दांडी पुन्हा सरळ आणि पाणी बंद. काय, आहे की नाही मावशीच्या कार वॉशचा पणजोबा?

पण हेरॉनच्या यंत्रात एक खोट होती. त्याला फक्त वजन कळायचं. नाण्याच्या वजनाचा लोखंडाचा तुकडा टाकला, तरी ते पाणी देणारच! म्हणून आजची यंत्रं नाण्याची जाडी आणि व्यास तपासतात, शिवाय धातूही तपासतात. नाणं घरंगळत जातं त्या वाटेवर तारेचं वेटोळं असतं. त्यातून वीज खेळत असते, त्यामुळे भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. नाणं जवळून गेलं, की हे क्षेत्र थोडं बिघडतं. पोलादी नाण्याने वेगळं बिघडतं, पितळी नाण्याने वेगळं. त्यावरून यंत्र नाणं ओळखतं.

आता आपल्याकडची गंमत ऐका. १९९२ पासून पुढे बरीच वर्षं निघालेलं १ रुपयाचं नाणं २५ मिलिमीटर रुंद, ४.८५ ग्रॅम वजनाचं आणि स्टेनलेस स्टीलचं होतं. आणि २०११ च्या नव्या मालिकेतलं २ रुपयांचं नाणं? तेही २५ मिलिमीटर, ४.८५ ग्रॅम, स्टेनलेस स्टीलचंच! नुसत्या मापाने आणि धातूने ओळखणारं यंत्र इथे हमखास गोंधळणार. जिथे यंत्र फसतं, तिथे डोळ्यांना न दिसणाऱ्या आपल्या भावंडांचं काय होत असेल, याचाही विचार करा. म्हणूनच मार्च २०१९ मध्ये नवी मालिका निघाली. तिच्यात किंमत वाढते तसं नाण्याचं वजनही वाढतं, आणि २० रुपयांच्या नाण्याला तर १२ कडा आहेत. बोट फिरवलं, की कळलं! पण जुनी नाणी रद्द झालेली नाहीत. ती आणि ही एकाच खिशात खुळखुळतात.

मग मावशीने काय करावं? १ आणि २ रुपयांच्या भानगडीत पडूच नये. यंत्रात फक्त १० रुपयांचं नाणं चालवावं. दोन धातूंचं, बाहेरून पिवळसर आणि मधे पांढरं, सुमारे ७.७ ग्रॅमचं हे नाणं ओळखायला सोपं. २० चं नाणं नेमकं उलट असतं : बाहेरून पांढरं, आतून पिवळसर.

माणसांना मात्र हेच १० चं नाणं ओळखताना शंका येत होती! वेगवेगळी चित्रं पाहून काही दुकानदार ते घेईनात. तेव्हा जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावं लागलं, की १० रुपयांची नाणी तोवर १४ प्रकारच्या चित्रांची निघाली आहेत आणि सगळी चालतात. यंत्र चित्राकडे न बघता धातू आणि माप बघतं, म्हणून ते अशा अफवेला बळी पडत नाही.

दुसरा प्रश्न : नवी नोट आली, तर यंत्राला शिकवणार कोण?

नोट तपासणारा भाग नोट आत ओढून तिच्यावर वेगवेगळे प्रकाश टाकतो. त्यात आपल्याला न दिसणारे अवरक्त आणि अतिनील किरणही असतात. मग तो तिचं रूप आपल्या स्मरणातल्या नोटेशी ताडून बघतो. म्हणजे त्याला आधी नोट शिकवावी लागते.

नोव्हेंबर २०१६ मधल्या नोटबंदीच्या गोष्टी आई-बाबांना विचारा. ५०० ची नवी नोट जुन्या नोटेपेक्षा लहान निघाली, त्यामुळे देशभरातली एटीएम यंत्रं एकेक करून जुळवून घ्यावी लागली. पुढे १०० ची नवी नोट आली, तीही जुन्या १०० पेक्षा लहान. आणि दोन्ही चालतात! म्हणून यंत्र विकणाऱ्याला विचारा, ‘नवी नोट निघाली, तर माणूस किती दिवसांत येणार आणि त्याचे पैसे किती?’ आणखी एक विसरू नका. भाईंदर खाडीच्या आणि समुद्राच्या शेजारी आहे. खारी हवा, त्यात पावसाळ्यातल्या ओलसर नोटा. यंत्राचं दार घट्ट बंद होणारं आणि आतला पत्रा न गंजणारा हवा.

तिसरा प्रश्न : पोटात नाणी किती मावतात?

वही-पेन्सिल घ्या. समजा, यंत्राच्या डब्यात १० रुपयांची १००० नाणी मावतात. म्हणजे १०,००० रुपये, आणि वजन सुमारे पावणेआठ किलो! एक गाडी धुवायला ५० रुपये लागतात असं धरू. रविवारी ६० गाड्या आल्या आणि प्रत्येकाने १०० ची नोट मोडली. ६०० नाणी बाहेर आली. त्यांतली ३०० पाण्याच्या यंत्रात पडली. ती रात्री मावशीने काढून पुन्हा डब्यात ओतली. पण उरलेली ३०० लोकांच्या खिशातून घरी गेली!

दोन रविवारांत ६०० नाणी गेली. तिसऱ्या रविवारी सकाळी डब्यात उरली फक्त ४००. चाळीस गिऱ्हाइकं झाली, की डबा रिकामा. एकेचाळिसावा काय करणार? शिवाय रिक्षावाले, भाजीवाले नुसते सुट्टे न्यायला येतील ते निराळेच!

यावर एक उपाय म्हणजे टोकन. २०१४ मध्ये मुंबईत मेट्रो सुरू झाली, तेव्हा प्रवासाला प्लास्टिकची गोल टोकनं मिळायची. असं टोकन बाहेर कुठेच चालत नाही, त्यामुळे ते फिरून आपल्याच यंत्रात येतं. मावशी खूश! पण थांबा. ज्याला ५० रुपयांचंच पाणी हवंय, त्याच्या हाती तुम्ही ५० रुपयांची जादा टोकनं दिलीत, तर ती चॉकलेटचीच गोष्ट झाली नाही का? म्हणून यंत्र ५० ची नोटही घेणारं हवं, आणि उरलेली टोकनं परत करून पैसे घेण्याची सोय हवी.

चौथा प्रश्न : तुमच्या यंत्राला ‘नाही’ म्हणता येतं का?

हा प्रश्न सगळ्यांत मोठा. डबा रिकामा असताना यंत्राने नोट गिळली तर? नोट अर्धी आत असताना वीज गेली तर? भांडायला समोर कुणी नाही. गरिबाचे १०० रुपये गेले, तर त्याचा दिवस बुडाला.

चांगलं यंत्र नोट लगेच पोटात ढकलत नाही. ते तिला जणू ओठांत धरून ठेवतं. नोट खरी आहे का? डब्यात तेवढी नाणी आहेत का? दोन्ही उत्तरं ‘हो’ आली, तरच नोट आत जाते. नाहीतर ती परत येते आणि दिवा लागतो, ‘सुट्टे नाहीत’. वीज जाऊन परत आली, तरी अर्धवट राहिलेला हिशेब त्याच्या स्मरणात असतो. आणि दारावर मावशीचा फोन नंबर ठळक अक्षरांत लिहिलेला हवाच.

स्वस्त यंत्रात हे नसेल, तर ते स्वस्त नव्हेच. एकदा पैसे गिळल्याची बातमी पसरली, की त्या फटीत कोण कशाला नोट घालेल?

तुम्ही म्हणाल, ‘आता मोबाईलवरून पैसे देता येतात की! सुट्टे हवेत कुणाला?’ बरोबर आहे. २०१६ मध्ये यूपीआय आलं आणि सुट्ट्यांची कटकट पुष्कळ कमी झाली. पण तुमच्या आजीकडे तसा फोन आहे का? तुमच्याकडे तरी आहे का? आणि आणखी एक मजा. फेब्रुवारी २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने १२ शहरांत नाणी देणारी यंत्रं प्रयोग म्हणून बसवायचं जाहीर केलं. त्या यंत्रात नोट घालायचीच नाही! क्यूआर कोडवरून बँकेतून पैसे वळते करायचे, की नाणी हातात. कारण काय, तर नोटा घेणाऱ्या यंत्रात बनावट नोटा घातल्या जात होत्या. मोठ्या बँकेलाही शेवटी आपलाच पहिला प्रश्न पडला : खरं की खोटं?

करून पाहा

घरातली सगळी नाणी गोळा करा आणि एक लोहचुंबक घ्या. स्टेनलेस स्टीलची १ आणि २ रुपयांची नाणी चटकन चिकटतील. १० रुपयांचं चिकटतं का, ते तुम्हीच तपासा. आता डोळे मिटून नुसत्या बोटांनी नाणी ओळखा. कितीदा चुकलात ते लिहून ठेवा. नाण्यावरच्या सालाखाली बारीक चौकटच्या आकाराची खूण दिसली, तर ते आपल्या मुंबईच्या टाकसाळीतलं. तारा दिसला तर हैदराबादचं, ठिपका दिसला तर नोएडाचं, आणि काहीच नसेल तर कोलकात्याचं.

आणि हो, पुढच्या वेळी दुकानदाराने रुपयाऐवजी चॉकलेट पुढे केलं, तर हसून म्हणा, ‘काका, चांगलं यंत्रसुद्धा सुट्टे नसतील तर आधी सांगतं!’