साडेतीन मिनिटांची भैरवी

आमच्या कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेतल्या जुन्या घरी माळ्यावर चावीचा फोनो होता. दिवाळीच्या झाडलोटीत तो खाली उतरायचा. आजोबा धोतराच्या सोग्यानं लाखेची तबकडी पुसायचे, सुई बदलायचे, चावी द्यायचे. आधी नुसती खरखर. आम्ही पोरं चुळबुळायला लागलो की म्हणायचे, "थांबा रे, बाई यायच्यात अजून." मग केसरबाई केरकरांचा भरदार, मोकळा आवाज सोप्यापासून परड्यापर्यंत पोचायचा. तीन-सव्वातीन मिनिटांत सगळं आटपायचं. आजोबा दरवेळी एकच बोलायचे, "गाणं संपलं नाही, जागा संपली."

याचा अर्थ मला कळला तो फार उशिरा, आणि तोही अंतराळयानाच्या निमित्तानं.

1977 साली अमेरिकेच्या नासानं व्हॉयेजर नावाची दोन यानं सोडली. दोन्हींवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची बारा इंची तबकडी आहे. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांच्या मंडळींनी तिच्यासाठी साऱ्या पृथ्वीवरून 27 रचना निवडल्या. हिंदुस्थानातून एकच गेली: केसरबाईंची भैरवी, 'जात कहाँ हो'. वेळ साडेतीन मिनिटं. रॉबर्ट ब्राउन या संगीताच्या अभ्यासकानं ती सुचवली होती. मूळ रेकॉर्ड लवकर हाती लागेना. शेवटी न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात ती सापडली. 20 ऑगस्टला एक यान उडालं, 5 सप्टेंबरला दुसरं. 16 सप्टेंबरला केसरबाई गेल्या.

त्या सोनेरी तबकडीवर बाईंचे शेजारी कोण आहेत, हे पाहण्यासारखं आहे. लुई आर्मस्ट्राँगचा जॅझ आहे, चक बेरीचं 1958 सालचं रॉक अँड रोल आहे. आणि भैरवी संपली की लगेच येतो ब्लाइंड विली जॉन्सन. टेक्सासचा हा अंध गवई रस्त्यावर गाऊन पोट भरायचा. त्याच्या या ध्वनिमुद्रिकेत शब्द नाहीत. गिटारच्या तारेवर घसरत जाणारा सूर, आणि त्याच्या बरोबरीनं नुसतं गुणगुणणं, कण्हणं. आपल्याकडच्या पहाटेच्या रियाजाची आठवण यावी असं ते आहे. मी ही दोन ध्वनिमुद्रणं लागोपाठ अनेकदा ऐकली. त्यांना जोडणारा धागा रागाचा नाही, भाषेचा नाही. दोघांनाही मिळालेली जागा तेवढीच होती. तीन-साडेतीन मिनिटं.

ही मर्यादा आली तबकडीतून. मिनिटाला 78 फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला त्याहून जास्त मावतच नसे. 1902 साली फ्रेड गाइसबर्ग हा ध्वनिमुद्रक कलकत्त्याला आला आणि त्यानं गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं, तेव्हा मुद्रणाला ना वीज होती ना मायक्रोफोन. गाणाऱ्यानं एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचं. त्या आवाजाच्या जोरानं पडदा हलायचा आणि पडद्याला जोडलेली सुई मेणाच्या चकतीवर नागमोडी रेघ कोरायची. चुकलं तर चकती बाद, पुन्हा पहिल्यापासून. चकत्या बोटीनं जर्मनीत हानोव्हरला जायच्या, तिथे त्यांचे साचे निघायचे आणि छापील तबकड्या परत यायच्या. तिथल्या कारागिरांना गाणारा कोण ते कळावं म्हणून गाण्याच्या शेवटी गवई आपलं नाव पुकारत. जुन्या रेकॉर्डींवरची ही पुकारणी पुष्कळांना मिरवण्याची वाटते. ती खरं तर पत्त्याची चिठ्ठी होती.

कर्ण्याला जोराचा आवाज पेलवायचा नाही आणि हळू आवाज ऐकू यायचा नाही. 1923 साली किंग ऑलिव्हरच्या ताफ्यात आर्मस्ट्राँग वाजवत होता, तेव्हा त्याचं कॉर्नेट इतरांना झाकून टाकतं म्हणून त्याला पार मागे उभं केलं गेलं. ढोल तर कर्ण्यापुढे वाजवायचीच चोरी. 1925 नंतर मायक्रोफोन आला आणि हे सगळं पालटलं. मे 1927 मध्ये शिकागोत आर्मस्ट्राँगनं आपल्या 'हॉट सेव्हन' ताफ्यात ढोल आणि ट्यूबा दोन्ही घेतले. व्हॉयेजरवर आहे ते याच बैठकांमधलं वादन.

1927 हे साल मला फार महत्त्वाचं वाटतं. त्याच उन्हाळ्यात राल्फ पीअर नावाचा माणूस विजेवर चालणारी यंत्रसामग्री घेऊन ब्रिस्टल गावी गेला. हे गाव आपल्या निपाणीसारखं सीमेवरचं. टेनेसी आणि व्हर्जिनिया या राज्यांची हद्द त्याच्या मुख्य रस्त्यातूनच जाते. टोप्यांच्या कंपनीच्या एका रिकाम्या इमारतीत त्यानं मुक्काम टाकला. डोंगरातून आलेलं कार्टर कुटुंब आणि रेल्वेत काम केलेला जिमी रॉजर्स तिथे पहिल्यांदा त्याच्यापुढे गायले. अमेरिकेचं कंट्री संगीत घराघरांत पोचलं त्याची सुरुवात या इमारतीतून झाली. डिसेंबरात डॅलसला विली जॉन्सन गायला. म्हणजे त्या एका वर्षात यंत्र स्वतः गावोगाव गेलं आणि ज्यांना दरबार नव्हता, नाटकगृह नव्हतं, त्यांचा आवाज टिकला.

आपल्या कोल्हापुरात नेमकं उलटं होतं. इथे दरबार होता. शाहू महाराजांनी उस्ताद अल्लादियाखाँसाहेबांना आश्रय दिला आणि जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी या गावात रुजली. पूर्वी अतिगाण्यानं खाँसाहेबांचा आवाज बसला होता, तेव्हा उरलेल्या आवाजाला झेपेल अशी पेचदार, लयीला घट्ट बिलगून चालणारी नवी गायकी त्यांनी स्वतः घडवली. त्यांचा पुतळा आज देवल क्लबजवळ आहे. पण त्यांच्या आवाजाचं एकही ध्वनिमुद्रण नाही. कर्ण्याचं यंत्र आलं तेव्हा ते ऐन भरात होते, मायक्रोफोन आला तेव्हाही गात होते. 16 मार्च 1946 रोजी ते मुंबईत वारले आणि तो आवाज कायमचा गेला.

मला याची खंत वाटते, तशी या गायकीपुढची अडचणही कळते. जयपूरच्या विलंबित त्रितालात एका आवर्तनाला अर्धं मिनिट धरा. तबकडीच्या एका बाजूला सहा-सात आवर्तनं. राग उभा राहायच्या आत सुई टोकाला. केसरबाई लहानपणी, आठव्या वर्षी, याच कोल्हापुरात अब्दुल करीमखाँसाहेबांकडे काही महिने शिकल्या होत्या. पुढे अल्लादियाखाँसाहेबांकडे त्यांनी वर्षानुवर्षं तालीम घेतली. त्यांनी तबकड्या भरल्या, पण मैफलीत कुणी गाणं मुद्रित केलेलं त्यांना खपायचं नाही. विद्या चोरीला जाईल ही भीती त्यांना होती. 1927 साली कोल्हापुरातच जन्मलेल्या धोंडूताई कुलकर्णी या त्यांच्या एकमेव शिष्या. धोंडूताई त्याआधी खाँसाहेबांचे चिरंजीव भुर्जीखाँ यांच्याकडे शिकल्या होत्या. ज्या गायकीनं यंत्राला फारसं जवळ केलं नाही, ती अशी माणसामाणसांतून आली.

21 जून 1948 रोजी अमेरिकेत लाँग प्लेइंग तबकडी बाजारात आली. मिनिटाला 33 फेऱ्या, एका बाजूला वीस मिनिटांहून जास्त. तोवर चुंबकीय फीतही रुळत होती. जॅझवादक माइल्स डेव्हिसनं 1959 साली न्यूयॉर्कमधल्या एका जुन्या चर्चच्या स्टुडिओत दोन दिवसांत 'काइंड ऑफ ब्लू' मुद्रित केलं. फक्त पाच रचना, त्यातली पहिलीच नऊ मिनिटांची. भराभर बदलणारे सूरसंघ बाजूला ठेवून एकाच स्वरमेळात रेंगाळायचं, हे त्या जॅझचं वेगळेपण. ऐकताना मला आपल्या आलापीची चाल दिसते. तिला जागा लागते, आणि ती जागा जॅझला वेळेवर मिळाली. लाँग प्लेइंग तबकडी आली, तेव्हा आपल्या खाँसाहेबांना जाऊन दोन वर्षं झाली होती.

आमचा वाडा पाडून तिथे फ्लॅट झाले. फोनो आणि तबकड्या भंगारात गेल्या, किलोच्या भावानं. बाईंची तबकडीही त्यात होती. ती भैरवीच होती का, हे सांगायला आता आजोबा नाहीत.

म्हणून पेठेतल्या आणि पेठेबाहेरच्या सगळ्यांना एक विनंती. यंदाच्या झाडलोटीत लाखेच्या तबकड्या, फितीची रिळं किंवा जुन्या मैफलींच्या कॅसेटी निघाल्या, तर त्या टाकू नका. तबकड्या आडव्या रचू नका, उभ्या ठेवा. ऊन आणि ओल लागू देऊ नका. गंजक्या सुईनं वाजवून पाहू नका. कव्हरावर कुणाच्या अक्षरात तारीख, राग, गवयाचं नाव लिहिलं असेल, तर तो कागद आधी जपा. आणि जाणत्या माणसाकडून त्यांची प्रत करून घ्या, याच वर्षी.