करकपातीनंतरही दुचाकीच्या सर्व्हिसिंगचे बिल का उतरत नाही?

रायपूर : वस्तू व सेवा कर परिषदेच्या ३ सप्टेंबर २०२५ च्या बैठकीतील निर्णयानुसार २२ सप्टेंबरपासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. वाहनांच्या सुट्या भागांनाही सरसकट १८ टक्क्यांचा दर लागू झाला. नवी गाडी घेणाऱ्यांना याचा लाभ लगेच दिसला. जुनीच गाडी चालविणाऱ्या आणि दर काही महिन्यांनी ती सर्व्हिसिंगला नेणाऱ्या ग्राहकाच्या हाती पडणारे बिल मात्र जवळपास पूर्वीइतकेच राहिले आहे. त्यामागे दुकानदाराची लबाडी असेलच असे नाही. कारण बिलाच्या रचनेतच आहे.

नियमित सर्व्हिसिंगमध्ये मोठा वाटा दोनच बाबींचा असतो : इंजिन ऑइल आणि मजुरी. या दोन्हींवरील कर आधीही १८ टक्के होता आणि आजही तितकाच आहे. कपात झाली ती प्रामुख्याने २८ टक्क्यांच्या गटात असलेल्या सुट्या भागांवर, टायरवर आणि बॅटरीवर. समजा, करापूर्वी ऑइलचे ४०० रुपये, मजुरीचे ४०० आणि किरकोळ भागांचे २०० रुपये झाले. जुन्या दराने हे बिल १,२०० रुपये होत असे, नव्या दराने ते १,१८० रुपये होते. म्हणजे बचत २० रुपयांची. याउलट ४,००० रुपयांचे भाग आणि १,००० रुपयांची मजुरी असलेले मोठे काम निघाले, तर ६,३०० रुपयांचे बिल ५,९०० रुपयांवर येते. थोडक्यात, गाडी वेळेवर दाखविणाऱ्याला या कपातीचा लाभ नाममात्र आहे. मोठी दुरुस्ती निघालेल्याला तो जाणवण्याइतका आहे.

मग खर्च ठरतो कशावर? रायपूरच्या शंकर नगरचे उदाहरण घेता येईल. राज्याचे मंत्रालय नवा रायपूर अटल नगर येथे गेल्यापासून या भागातील अनेक नोकरदारांचा प्रवास एकेरी २० किलोमीटरच्या आसपास झाला आहे. महिन्याचे २५ दिवस धरले तर हजार किलोमीटर, वर्षाला १२ हजार. खाद्यपदार्थ किंवा पार्सल पोहोचविणाऱ्या तरुणाची गाडी हेच अंतर चार-सहा महिन्यांत कापते. त्याला सर्व्हिसिंगच्या बिलाखेरीज गाडी गॅरेजमध्ये उभी असतानाची बुडालेली कमाईही मोजावी लागते. सर्व्हिसिंग पुढे ढकलण्याचा मोह म्हणूनच त्याला सर्वाधिक होतो आणि त्याची किंमतही त्यालाच सर्वाधिक पडते.

वर्षाच्या खर्चात एका सर्व्हिसिंगचा दर जितका महत्त्वाचा, त्याहून दोन सर्व्हिसिंगमधील अंतर अधिक महत्त्वाचे. काही कंपन्या ३ हजार किलोमीटरचे अंतर सांगतात, काही ५ किंवा ६ हजारांचे. वर्षाला १२ हजार किलोमीटर धावणाऱ्या गाडीला पहिल्या हिशेबाने चार फेऱ्या पडतात, दुसऱ्याने दोन. हे अंतर मॉडेल, इंजिनाची रचना आणि ऑइलचा प्रकार पाहून ठरलेले असते व गाडीसोबतच्या पुस्तिकेत छापलेले असते. गॅरेजवाल्याने टाकीवर चिकटविलेल्या चिठ्ठीवरची तारीख हा त्याला पर्याय नव्हे. ती चिठ्ठी बहुधा पुस्तिकेतील तारखेच्या आधीची असते, हे वेगळे सांगायला नको. किलोमीटर आणि महिने यांपैकी जे आधी पूर्ण होईल ते धरावयाचे असते, त्यामुळे कमी धावणारी गाडीही वर्षानुवर्षे तशीच ठेवता येत नाही.

पुस्तिकेतील अंतर मात्र सर्वसाधारण परिस्थितीसाठी असते. धुळीच्या प्रदेशात फिल्टर लवकर तपासावा, असे त्याच पुस्तिकांमध्ये लिहिलेले असते. रायपूरच्या उत्तरेला सिलतरा आणि उरला या औद्योगिक वसाहतींमध्ये स्पंज आयर्न व पोलादाचे कारखाने आहेत. तेथील बारीक धूळ शहराच्या परिचयाची आहे. चंद्रपूर किंवा घुग्घुस येथील वाचकांना ही स्थिती निराळी वाटणार नाही. अशा हवेत एअर फिल्टर लवकर चोंदतो. इंजिनाला हवा कमी पडते, गाडीची ओढ मंदावते आणि पेट्रोल अधिक जळते.

येथे एक चूक सर्रास होते. अनेक मोटारसायकलींत तेलाने भिजविलेल्या कागदाचा फिल्टर असतो. तो हवेच्या दाबाने झटकून पुन्हा बसविण्यासाठी नसतो, तो बदलायचा असतो. फोमचा फिल्टर मात्र धुता येतो. आपल्या गाडीत कोणता आहे, एवढे माहीत असले तरी पुरे. फिल्टर, टायरमधील हवा आणि चेनचा ताण या तिन्हींच्या हयगयीने लिटरमागे ५५ किलोमीटर धावणारी गाडी दहा टक्के कमी धावू लागली, तर वर्षाच्या १२ हजार किलोमीटरसाठी सुमारे २४ लिटर पेट्रोल अधिक लागते. लिटरचा भाव १०० रुपये धरला तरी हे २,४०० रुपये होतात. वर उदाहरणादाखल धरलेल्या बिलाप्रमाणे तेवढ्यात दोन सर्व्हिसिंग होतात.

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याच्या धोरणाची चर्चाही या संदर्भात होते. इथेनॉलविरहित पेट्रोलसाठी रचना केलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळविलेल्या दुचाकींच्या इंधनक्षमतेत ३ ते ४ टक्के घट संभवते, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात आहे. काही जुन्या वाहनांतील रबरी भाग व गॅस्केट २० ते ३० हजार किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतात, मात्र तो खर्च किरकोळ असून नियमित सर्व्हिसिंगमध्येच होण्यासारखा आहे, असे पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये स्पष्ट केले. जुन्या गाडीच्या मालकाने हे भाग तपासून घेण्याची सूचना जॉब कार्डवर लिहवून घेणे इष्ट.

अधिकृत केंद्र की कोपऱ्यावरचा मिस्त्री, हा प्रश्न १ एप्रिल २०२० पासून गुंतागुंतीचा झाला. त्या दिवशी भारत स्टेज-६ मानके लागू झाली, बहुतेक मोटारसायकलींतून कार्बोरेटर गेला आणि संगणकनियंत्रित इंधनप्रणाली आली. पूर्वी स्क्रू-ड्रायव्हरने होणारे ट्युनिंग आता निदानयंत्राशिवाय शक्य नाही, आणि ते यंत्र प्रत्येक मिस्त्रीकडे नसते. तथापि ऑइल, ब्रेक शू, चेन सेट, केबल, क्लच प्लेट ही कामे आजही जाणता मिस्त्री उत्तम करतो. वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपर्यंत असलेल्या सेवा व्यावसायिकाला जीएसटी नोंदणी बंधनकारक नसल्याने त्याच्या मजुरीवर करही लागत नाही. हमी संपलेल्या गाडीसाठी हा पर्याय सरळसरळ स्वस्त आहे.

हमी शिल्लक असताना गणित बदलते. ‘मोफत सर्व्हिसिंग’मध्ये मोफत असते ती मजुरी, ऑइल व सुटे भाग विकतच घ्यावे लागतात. ठरलेल्या वेळी ही सर्व्हिसिंग न केल्यास हमीचा दावा नाकारला जाण्याचा धोका असतो, म्हणून त्या टाळण्यात शहाणपण नाही. या अटींना मर्यादा असाव्यात, असा विचार कायद्याच्या पातळीवर झालेला आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटारकार कंपन्यांना एकूण २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग खुल्या बाजारात उपलब्ध करावेत आणि केवळ बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट हमी रद्द करू नये, असे आयोगाने बजावले होते. हे प्रकरण पुढे अपिलात गेले, शिवाय ते मोटारींचे होते, दुचाकींचे नव्हे. ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘राइट टू रिपेअर’ संकेतस्थळावर मात्र वाहन क्षेत्राचाही समावेश आहे.

काटकसर कोठे करू नये, याचे उत्तर आकडेवारीत आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला आणि त्यांतील ४४.५ टक्के दुचाकीवरील होते. सर्वच अपघात गाडीच्या दोषाने होत नाहीत. पण झिजलेले ब्रेक शू आणि गुळगुळीत टायर पावसाळ्यात थांबण्याचे अंतर वाढवितात, आणि ब्रेक शू हा तर बिलातील सर्वांत स्वस्त भागांपैकी एक आहे. टायरच्या खाचांमधील झीजदर्शक खुणेपर्यंत रबर पोहोचले की टायर बदलावाच लागतो.

गाडी सोपविताना कामांची यादी व अंदाजे खर्च जॉब कार्डवर लिहून घ्यावा, अतिरिक्त कामासाठी आधी विचारण्याची अट घालावी आणि बदललेले जुने भाग परत मागावेत. बिल न देणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तेथे निवारण न झाल्यास ग्राहक स्वतः राहतो त्या जिल्ह्यातील आयोगाकडे किंवा ‘ई-जागृती’वर ऑनलाइन दाद मागता येते. मोजलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास त्यासाठी शुल्क लागत नाही; तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते.