स्टॅश केलं, पण सगळं नाही!

दिवाळीच्या सुट्टीत सिरसाळ्याला घरी होतो. प्रोजेक्ट अर्धवट. जुन्या दोन फाइलींत बदल आणि एक नवीकोरी फाइल. तेवढ्यात पार्टनरचा फोन, "मेन ब्रँचवर एरर येतोय, आधी तो बघ."

अर्धवट काम तात्पुरतं बाजूला ठेवायला 'गिट स्टॅश' असतं, म्हणून तेच मारलं. जुने बदल गायब, पण नवी फाइल फोल्डरमध्ये तशीच! वाटलं, स्टॅशमध्ये गेलीच असेल, ही नुसती उरलेली कॉपी. 'गिट क्लीन -एफ' करून झाडलोट केली. एरर काढून 'गिट स्टॅश पॉप' केलं, तर जुन्या दोन फाइलींतले बदल परत आले. नवी गेली ती गेलीच. आईनं फराळाचं ताट पुढं ठेवलं, पण लाडू काही गोड लागेना.

असं का? स्टॅश फक्त गिटच्या ओळखीच्या फाइलींतले बदल उचलतो. जिला एकदाही 'गिट ॲड' केलेलं नाही, ती त्याच्या लेखी परकी. तिलाही न्यायचं तर 'गिट स्टॅश -यू' म्हणावं लागतं. माझी फाइल गिटने कधी साठवलीच नव्हती, मग परत कुठून देणार?

आणखी एक गंमत. पॉप करताना कॉन्फ्लिक्ट आला, तर तो स्टॅश यादीतून जात नाही. निस्तरून झालं की 'गिट स्टॅश ड्रॉप' आपणच करायचं. तिथं घाई नको.

माझी फाइल मात्र हॉस्टेलवर येऊन दोन रात्री जागून पुन्हा लिहिली.