गाडीच्या मागून ‘ठक्’ आवाज का येतो?

मोटार गतिरोधकावरून सावकाश उतरते आणि मागून कुठून तरी ‘ठक्’ असा आवाज येतो. गाडी चालते चांगली, ब्रेक लागतात, काही गळतही नाही. चालवणारा काही दिवस दुर्लक्ष करतो. पण एकदा ऐकू आलेला आवाज मग सतत ऐकू येऊ लागतो. शेवटी गाडी गॅरेजमध्ये जाते. मेकॅनिक एक फेरी मारून येतो आणि म्हणतो, “मागचे शॉकअप गेलेत.” नवे शॉकअप बसतात, बिल दिले जाते आणि घरी परतताना पहिल्याच खड्ड्यात पुन्हा ‘ठक्’!

माझ्या गाडीच्या बाबतीत नेमके असेच घडले. पैसे वाया गेल्याचे वाईट वाटलेच. पण त्याहून अधिक वाईट याचे वाटले, की विज्ञानावर पोट भरणाऱ्या माणसाने एकही प्रश्न न विचारता मान डोलावली होती. प्रयोगशाळेतले उपकरण बिघडले तर आपण त्याचे सुटे भाग अंदाजाने बदलत जात नाही. बिघाड कोणत्या परिस्थितीत दिसतो आणि कोणत्या परिस्थितीत दिसत नाही, हे आधी पाहतो. मोटारीच्या आवाजालाही हीच पद्धत लागू पडते, आणि त्यासाठी लागणारे विज्ञान शालेय पाठ्यपुस्तकांच्या फारसे पलीकडचे नाही.

चाक आणि सांगाडा यांच्यामधले दुवे

रस्त्याचा उंचसखलपणा चाकांनी सोसावा आणि आत बसलेल्यांना तो कमीत कमी जाणवावा, यासाठी चाक व गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये जी व्यवस्था असते, तिला सस्पेन्शन म्हणतात. या व्यवस्थेची मुख्य कामे तीन. वजन पेलण्याचे काम स्प्रिंग करते. स्प्रिंगची दोलने शमवण्याचे काम शॉक ॲब्सॉर्बर, म्हणजे गॅरेजच्या भाषेतला शॉकअप करतो. त्याच्या नळीतले तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते आणि दोलनांच्या ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते. तिसरे काम चाकाला त्याच्या जागी धरून ठेवण्याचे. ते निरनिराळे दांडे किंवा आस करतात.

आजच्या अनेक लहान गाड्यांमध्ये, उदाहरणार्थ मारुती स्विफ्टमध्ये, मागची दोन्ही चाके एका पोलादी तुळईने जोडलेली असतात. ही तुळई थोडी पिळली जाऊ शकते. १९७४ साली बाजारात आलेल्या फोक्सवॅगन गोल्फमुळे ही रचना लोकप्रिय झाली. तुळईचे दोन हात पुढच्या दिशेने येतात आणि एकेका जाड रबरी बुशमधून सांगाड्याला जोडले जातात. बुश म्हणजे बोल्टभोवती बसणारी धातूची नळी, तिला चिकटवलेले रबर आणि बहुधा बाहेरून आणखी एक नळी. शॉकअपच्या वरच्या आणि खालच्या टोकांनाही असेच लहान रबरी भाग असतात. चाक वरखाली झाले की हे रबर थोडे पिळले जाते व पुन्हा पूर्ववत होते. धातूवर धातू आपटत नाही, म्हणून आवाजही होत नाही.

आवाज फटीतून येतो

दाराची कडी सैल असेल तर वाऱ्यावर दार खडखडते, हा अनुभव सर्वांना आहे. पण वारा एकाच दिशेने सतत दाब देत असेल, तर सैल कडीसुद्धा गप्प राहते. वारा मागेपुढे झोके घेऊ लागला की आवाज सुरू होतो. म्हणजे आवाजासाठी दोन गोष्टी लागतात: एक फट आणि त्या फटीच्या दिशेने उलटसुलट होणारे बल. सस्पेन्शनमधल्या ‘ठक्’चे हेच मूळ आहे. रबर झिजले, फाटले किंवा बोल्ट सैल झाला, की मिलिमीटरभराची फट तयार होते. बलाची दिशा बदलली की धातूचा एक भाग ती फट ओलांडून दुसऱ्यावर आपटतो.

एवढीशी फट इतका मोठा आवाज कसा करते, ते एका ढोबळ हिशोबाने पाहू. समजा, एक भाग दुसऱ्यावर सेकंदाला ०.५ मीटर या वेगाने येऊन आदळतो. मधे चांगले रबर असेल आणि ते ५ मिलिमीटर दबून त्या भागाला थांबवत असेल, तर v²/२s या सूत्रानुसार त्वरण २५ मीटर प्रति सेकंद वर्ग येते आणि थांबायला सेकंदाचा पन्नासावा भाग लागतो. रबर नसेल आणि धातू फक्त ०.०५ मिलिमीटर दबत असेल, तर त्वरण २५०० येते आणि वेळ सेकंदाचा पाच हजारावा भाग. बल शंभरपट, वेळ शंभरावा हिस्सा. आघात जितका अल्पकाळ टिकतो, तितक्या वरच्या वारंवारतेचे ध्वनी त्यातून निघतात. म्हणून रबरावरचा आघात मंद ‘धप्’ असा जाणवतो, तर धातूवरचा खणखणीत ‘ठक्’ असा ऐकू येतो.

कान फसतो

आता आवाज ‘मागून उजवीकडून’ येतो असे आपण छातीठोकपणे सांगतो. पण यावर फार विसंबू नये. वाजवलेला नादकाटा हातात धरला तर जेमतेम ऐकू येतो आणि त्याची दांडी टेबलावर टेकवली की सगळे टेबल वाजू लागते. मोटारीत हेच घडते. पोलादातून ध्वनी सेकंदाला सुमारे ५००० मीटर वेगाने जातो. हवेत हा वेग सुमारे ३४० मीटर असतो. आघाताची कंपने सांगाड्यातून क्षणार्धात पसरतात आणि मग डिकीचा पत्रा, मागच्या सीटखालचा पत्रा किंवा दरवाजा वाजतो. आपण ऐकतो तो या पत्र्यांचा आवाज. त्यामुळे आवाज ‘कुठून’ येतो यापेक्षा ‘केव्हा’ येतो, हा प्रश्न अधिक उपयोगी ठरतो.

‘केव्हा’ या प्रश्नाची उत्तरे

सुरुवात सोप्या गोष्टींपासून करावी. चाकांचे नट घट्ट आहेत ना, हे प्रथम पाहावे. ते सैल असणे धोक्याचे असते. मग डिकी पूर्ण रिकामी करावी. सैल सुटलेला जॅक, पाने, नीट न आवळलेली स्टेपनी किंवा मागच्या सीटची सैल खिट्टी सस्पेन्शनचे हुबेहूब सोंग आणू शकते. सायलेन्सर ज्या रबरी कड्यांवर टांगलेला असतो, त्यातली एखादी तुटली असेल तर तोही आपटतो. यानंतर रिकाम्या, ओळखीच्या रस्त्यावर गाडी नेऊन निरीक्षणे लिहून काढावीत.

लहान लहान खडबडीवर, कमी वेगात, भराभर ‘खटखट’ होत असेल तर शॉकअपच्या टोकांचे रबर किंवा वरचा नट सैल असण्याचा संशय घ्यावा. कारण चाक वरखाली होताना शॉकअपमधले बल सतत दिशा बदलते. अनेक गाड्यांत शॉकअपचे वरचे टोक डिकीतले आवरण काढले की दिसते. एकाने गाडीचा मागचा कोपरा दाबून सोडावा आणि दुसऱ्याने त्या टोकावर बोट ठेवावे. फट असेल तर बोटाला टिचकी लागते.

ठरावीक वेगालाच, लाटालाटांच्या रस्त्यावर मागचा भाग थडथडत असेल, तर खुद्द शॉकअपचा विचार करावा. टायर आणि स्प्रिंग यांच्यामध्ये चाक सेकंदाला साधारण १० ते १५ वेळा दोलन करू शकते. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. रस्त्यावरचे उंचवटे ०.८ मीटर अंतरावर असतील, तर चाकाला सेकंदाला १२.५ धक्के बसतात. दोन्ही वारंवारता जुळल्या की दोलने वाढत जातात. यालाच अनुस्पंदन म्हणतात. चांगला शॉकअप ती शमवतो, निकामी शॉकअप शमवत नाही. त्याच्या अंगावर तेलाचे ओघळ दिसत असतील, तर संशय बळावतो.

गाडीत पाच माणसे आणि सामान असतानाच मोठ्या खड्ड्यात ‘धप्प’ असा जड आवाज येत असेल, तर स्प्रिंग पूर्ण दबून रबरी रोधकावर आदळत असावी. हा बिघाड असेलच असे नाही. कदाचित गाडीवर ओझेच जास्त असेल. पण चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंतची उंची दोन्ही बाजूंना टेपने मोजावी. एक बाजू स्पष्टपणे खाली असेल तर स्प्रिंगचा वेढा तुटलेला असू शकतो. तुटलेले टोक टायर कापू शकते, म्हणून अशी गाडी चालवू नये.

ब्रेक लावताना किंवा सोडताना एकच ‘ठक्’ येत असेल, तर आडव्या, पुढे-मागे होणाऱ्या बलाकडे लक्ष द्यावे. तुळई असलेल्या गाडीत मागच्या ब्रेकचे बल सांगाड्यापर्यंत पोचते ते प्रामुख्याने पुढच्या दोन बुशांमधून. जीप किंवा पिकअपसारख्या पाट्यांच्या स्प्रिंगा असलेल्या गाड्यांत हेच काम पाटे, त्यांच्या टोकांचे बुश आणि यू-बोल्ट करतात. तेथे क्लच सोडतानाही आवाज येत असेल, तर प्रॉपेलर शाफ्टचा ‘क्रॉस’ही तपासावा.

माझी चूक आणि दुसरी चूक

माझ्या गाडीचा आवाज खड्ड्यांत येत होताच. पण घरासमोर गाडी मागे घेऊन ब्रेक दाबला की एक ‘ठक्’, पुन्हा पुढे घेऊन ब्रेक दाबला की आणखी एक ‘ठक्’, असेही होत होते. सपाट जागेत, चालण्याच्या वेगात! तिथे उभ्या दिशेने फारसे काही घडत नाही, आणि शॉकअप आडवे बल जवळजवळ घेतच नाही. म्हणजे तो निर्दोष असावा, हे पैसे खर्च करण्याआधी घरच्या अंगणातच कळू शकले असते.

तरीही हा तर्कच होता. ड्रम ब्रेकमधले शूज दिशा बदलताना जागेवर सरकतात, तेव्हाही बारीक ‘टक्’ होते. म्हणून आणखी एक चाचणी हवी होती. दुसऱ्या गॅरेजमध्ये गाडी रॅम्पवर चढवली आणि ज्येष्ठ मेकॅनिकने तुळईच्या पुढच्या टोकाशी टॉमी घालून ती पुढेमागे रेटली. डावी बाजू किंचित हलली. उजवी बाजू चांगली चारपाच मिलिमीटर सरकली आणि तोच परिचित आवाज आला. रबर धातूपासून पूर्ण सुटले होते. दोन्ही बुश बदलले आणि गाडी गप्प झाली.

काही महिन्यांनी आवाज पुन्हा सुरू झाला. त्याच मेकॅनिककडे गेलो. त्याने बुश पाहिला, त्या दिवशी काम केलेल्या मुलाला बोलावले आणि विचारले, “बोल्ट कधी आवळलास? गाडी वर असताना?” मग माझ्याकडे वळून म्हणाला, “साहेब, चूक आमची. गाडी चाकांवर उभी करून आवळायला हवा होता.” त्याने पैसे न घेता काम पुन्हा करून दिले.

यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. गाडी रॅम्पवर उचलली की चाके खाली लोंबतात. त्या स्थितीत बोल्ट आवळला, की बुशची आतली नळी त्याच कोनात पक्की होते. गाडी खाली उतरवली की तुळईचा हात वर फिरतो आणि रबर कायमचे पिळलेले राहते. त्यात प्रत्येक खड्ड्याची भर पडते आणि नवे रबर लवकर फाटते. म्हणून असे बोल्ट आधी नुसते बसवून, चाकांवर गाडीचे वजन आल्यावर, उत्पादकाने सांगितलेल्या मापाने टॉर्क पान्याने आवळायचे असतात.

काय स्वतः करावे, काय करू नये

डिकी रिकामी करणे, उंची मोजणे, निरीक्षणे लिहिणे, वरच्या टोकावर बोट ठेवणे, एवढे कोणीही करू शकतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र कधीही शिरू नये, जॅक घसरतो. दाबलेल्या स्प्रिंगलाही हात लावू नये. २५० किलोग्रॅम भाराने १५ सेंटिमीटर दबलेल्या स्प्रिंगमध्ये सुमारे १८४ ज्यूल ऊर्जा साठलेली असते. १९ किलोग्रॅमची वस्तू एक मीटरवरून पडावी, तितका हा आघात आहे. हे काम योग्य साधने असलेल्या मेकॅनिकचेच. त्याच्याकडे जाताना “शॉकअप बदला” असे सांगू नये. “सपाट जागेत मागे घेऊन ब्रेक दाबला की एकदा वाजते, डिकी रिकामी आहे” असे सांगावे. भाग एका वेळी एकाच ठिकाणचे बदलावेत आणि प्रत्येक बदलानंतर तीच चाचणी पुन्हा घ्यावी. नाहीतर आवाज थांबला तरी कशामुळे थांबला, हे कळत नाही.

शाळेत मोटार उपलब्ध नसली तरी सायकल असतेच. एखादी खडखडणारी सायकल वर्गासमोर आणावी. मडगार्ड, चेनकव्हर, स्टँड, कॅरियर यांपैकी काय वाजते, याचा अंदाज मुलांनी हात लावण्यापूर्वी वहीत कारणासह लिहावा. मग सायकल थोडी उचलून आपटावी आणि दर वेळी एकच भाग हाताने घट्ट धरावा. जो भाग धरल्यावर आवाज थांबेल, तो सापडला. किती जणांचे पहिले अंदाज चुकले, तेही फळ्यावर लिहावे. अंदाज चुकला म्हणून कुणाचे नुकसान होत नाही. न तपासलेल्या अंदाजावर पाना चालवला, की मात्र होते.